गाण्याचे धनी आणि गाण्याचे वाटेकरी

मोरजी गावात वर्षाच्या ठराविक दिवसांत दोन प्रकारचे गायन-वादन चालू असते. श्रीमोरजाईच्या देवळात भजन, आरत्या आणि घुमट-शामेळाचा गजर. आणि तेथून फार दूर नव्हे, शापोरा नदीच्या मुखाशी, जेथे समुद्रकासवे अंडी घालण्यास किनाऱ्यावर येतात, त्या वाळूच्या पट्ट्यावर पर्यटकांच्या क्लबांतून यंत्राने वाजविले जाणारे संगीत. ह्या दोहोंत अभिरुचीचा जो भेद आहे तो सांगत बसण्याचे प्रयोजन नाही. तो वाचकांस दिसतोच, किंबहुना रात्री ऐकूही येतो. आम्हांस येथे निराळ्याच भेदाकडे लक्ष वेधावयाचे आहे. वाळूवरच्या संगीताबद्दल ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वतीने परवान्याचे शुल्क मागितले जाते आणि ते न भरणाऱ्यावर उच्च न्यायालयात दावा गुदरला जातो. देवळात खऱ्याखुऱ्या धर्मविधीच्या ओघात वाजलेल्या गाण्याबद्दल मात्र कायदा कोणास काही मागू देत नाही.

शुल्कवसुलीचा हा रोख सार्वजनिक जागांकडे आजच्याइतका पूर्वी नव्हता. इंटरनेटवरून गाणी घरोघर फुकट पोहोचू लागली, ती थोपविण्याचे कंपन्यांचे एकेक उपाय फसत गेले, आणि त्यानंतर वसुलीचा हात घराकडून मांडवाकडे, हॉटेलाकडे व किनाऱ्याकडे वळला. ही हकीकत जगभर घडली. परंतु तिची काही मुळे आपल्या गोमंतकात, तीही देवळांच्या अंगणात, रुजलेली आहेत. म्हणून तेथूनच आरंभ करणे बरे.

यंत्र येण्यापूर्वी गाणे ही विकण्याची वस्तू नव्हती. देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंतास देवस्थानाकडून जमिनीचे उत्पन्न वा वर्षासन मिळे. ते त्या माणसाच्या सेवेबद्दल असे, गाण्याबद्दल नसे. पद एकाने बांधले, दुसऱ्याने उचलले, तिसऱ्याने त्यात दोन जागा वाढविल्या, ह्यात कोणास चोरी दिसत नसे. संगीत नाटकांच्या वैभवकाळी भास्करबुवा बखल्यांसारख्यांनी उस्तादी चिजांवरून पदांच्या चाली बांधल्या, त्या चाली आमच्या भजनी मंडळ्यांनी अभंगांस लावल्या, आणि पेडणे-डिचोलीच्या दशावताराने त्यांतल्या कित्येक आपल्याशा केल्या. (ह्या व्यवस्थेत कलावंत स्त्रियांच्या वाट्यास मान किती आणि बंधन किती आले, हा स्वतंत्र व कठोर विषय आहे, देवळाचे अन्न खाल्लेल्या समाजाने तो कधीतरी नीट लिहिला पाहिजे.) विद्या मात्र राखली जाई. घराण्याची चीज परक्याच्या कानी पडू नये म्हणून गवई दक्ष असत. म्हणजे चोरीचे भय होतेच; पण ते चोरून ऐकणाऱ्या शिष्याचे होते, नकला करणाऱ्या कारखान्याचे नव्हे.

१९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी गौहरजान आदींची गाणी मुद्रित केली, आणि हे भय बदलले. अल्लादियाखाँसाहेबांनी आपले गाणे यंत्राच्या स्वाधीन केलेच नाही. त्यांच्या पट्टशिष्या केसरबाई केरकर ह्या केरीच्या. आमच्या पेडण्यातल्या तेरेखोलजवळच्या केरीच्या नव्हेत, फोंडा महालातल्या. त्यांनी ध्वनिमुद्रिका दिल्या, पण हात राखूनच. तीन-साडेतीन मिनिटांत राग कसा बसावयाचा हा प्रश्न होताच. शिवाय आपले गाणे आपल्या माघारी कोठेही, कोणत्याही बैठकीत वाजावे हे त्यांच्या स्वभावास रुचणारे नव्हते. दैवाचा खेळ असा की १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर जी सुवर्णमुलाम्याची तबकडी सूर्यमालेपलीकडे धाडली, तीत भारतातून निवडलेले एकमेव गायन केसरबाईंच्या भैरवीचे होते. पहिले यान ऑगस्टात व दुसरे सप्टेंबराच्या आरंभी सुटले, आणि १६ सप्टेंबरास बाई निवर्तल्या.

त्याच १९७७ साली दिल्लीस एक निकाल लागला. त्याची आठवण भैरवीइतकी गोड नसली तरी ह्या इतिहासात ती अधिक महत्त्वाची आहे. चित्रपटासाठी गीत लिहिणारा कवी व चाल बांधणारा संगीतकार ह्यांचे हक्क, निराळा करार नसेल तर, निर्मात्याचे होत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी ठरविले. तत्पूर्वी दीड तपामागे, साठीच्या दशकाच्या आरंभी, मंगेशीच्या दीनानाथांची कन्या लता मंगेशकर ह्यांनी गायकासही मुद्रिकांच्या उत्पन्नाचा वाटा मिळावा म्हणून आग्रह धरला होता. त्यावरून महंमद रफींशी त्यांचे मतभेद झाले आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबविले. एवढ्या मोठ्या गळ्याची जेथे ही कथा, तेथे लहान कलावंतांविषयी बोलावयास नको. पुढे कंपन्या ‘गाणे चोरीस गेले हो’ म्हणून आक्रोश करू लागल्या तेव्हा चोरीस गेलेल्या मालात गाणाऱ्याचा व रचणाऱ्याचा हिस्सा मुळात किती होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पहिला धक्का कॅसेटने दिला. ऐंशीच्या दशकात टेपची यंत्रे घरोघर झाली. ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे लोकांच्या ‘एचएमव्ही’च्या, तबकड्या महाग व मोजक्या, कॅसेट मात्र कोणालाही कोठेही उतरवून घेता येई. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालविणाऱ्या कुटुंबातले गुलशन कुमार ह्याच लाटेवर पुढे आले. त्यांच्या ‘टी-सीरीज’वर नकलांचे आरोप पुष्कळ झाले, परंतु त्यांची मोठी युक्ती कायद्यातूनच निघाली होती. मूळ गाण्याच्या हक्कदारास सूचना देऊन व ठराविक मानधन भरून तेच गाणे दुसऱ्या गळ्यातून पुन्हा मुद्रित करण्याची मुभा १९५७ च्या कायद्यात होती. तिचा उपयोग करून जुन्या गाण्यांच्या नव्या कॅसेटी स्वस्तात निघाल्या. त्यांच्या जोडीला आरत्या, चालिसा, स्तोत्रे ह्यांचा बाजार उभा राहिला, आणि कारवारच्या कोंकणी घरात जन्मलेल्या अनुराधा पौडवाल ह्यांचा आवाज गावोगावच्या देवळांच्या कर्ण्यांतून घुमू लागला. आमच्या उत्सवांत यंत्राची आरती शिरली ती ह्या वाटेने. १९८४ साली सरकारने नकलांविरुद्ध शिक्षा कडक केल्या, कंपन्यांच्या संघटनेने निवृत्त पोलीस अधिकारी नेमून छापे घातले. तरी कॅसेटचा प्रवाह काही आटला नाही. गुलशन कुमारांचा अंत १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीस शिवमंदिराच्या बाहेर गोळ्यांनी झाला.

नकला फार होतात तेथे माल महाग व दुर्मिळ असतो, हा कॅसेटच्या काळाचा धडा होता. तो धडा कंपन्यांनी घेतला असता तर पुढची वीस वर्षे वाचली असती, असे आम्हांस वाटते.

आता परदेशी जाणे प्राप्त आहे, कारण खरी लढाई तेथे जुंपली. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ध्वनी आवळून ठेवण्याची जी रीत शोधली, ती ‘एमपी थ्री’ ह्या नावाने १९९५ पासून प्रसिद्ध झाली. तिच्या योगे एका गाण्यास लागणारी जागा सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली, आणि टेलिफोनच्या तारेतूनही गाणे पाठविणे शक्य झाले. १९९९ च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग नावाच्या अमेरिकन तरुण विद्यार्थ्याने ‘नॅप्स्टर’ सुरू केले. ह्यात गाण्यांचे कोठार असे कोठेच नव्हते. प्रत्येकाची गाणी ज्याच्या त्याच्या संगणकात राहत, आणि कोणापाशी काय आहे एवढी सूची मात्र नॅप्स्टरजवळ असे. गावात एखाद्या घरी जुनी पोथी असावी, ज्यास हवी त्याने जाऊन उतरून घ्यावी, आणि कोणत्या घरी कोणती पोथी आहे हे एका भटजीबुवांस ठाऊक असावे, तशातला प्रकार. फरक इतकाच की येथे घरे कोट्यवधी होती.

कंपन्यांनी पहिला घाव त्या सूचीवाल्यावर घातला. १९९९ च्या डिसेंबरात दावा, २००१ च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाचा निकाल, आणि जुलैत नॅप्स्टर बंद. पण एक सूची मोडली तो बिनसूचीच्या दहा युक्त्या निघाल्या. मग घाव ऐकणाऱ्यावर आला. ८ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण संघटनेने २६१ व्यक्तींवर एकदम दावे लावले; त्यांत न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगी निघाली आणि तिच्या आईने २,००० डॉलर भरून प्रकरण मिटविले. पुढील पाच वर्षांत असे हजारो दावे झाले. मिनेसोटातील एका स्त्रीस २४ गाण्यांबद्दल २००९ साली १९ लाख २० हजार डॉलरांचा दंड ज्यूरीने ठोठावला; अपिलात तो अखेर २ लाख २२ हजारांवर आला. ज्यांनी गाणी विकत घ्यावयाची त्या गिऱ्हाइकांसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा व्यापार व्यापाराच्या इतिहासात दुर्मिळच म्हणावा लागेल. २००८ च्या अखेरीस संघटनेने हा मार्ग सोडला. दरम्यान २००५ साली एका मोठ्या कंपनीने आपल्या तबकड्यांत असा छुपा कार्यक्रम घातला की तबकडी लावताच तो संगणकात गुपचूप ठाण मांडून बसे. त्याचा बभ्रा झाला, आणि पैसे देऊन तबकडी घेणारा फसला व फुकट्या मात्र सुरक्षित राहिला, अशी उलटी गत झाली.

उपाय सापडला तो न्यायालयाबाहेर. २००३ च्या एप्रिलात ‘ॲपल’ने ९९ सेंटास एक गाणे विकावयास काढले, आणि सोयीने मिळाले तर लोक पैसे देतात हे सिद्ध झाले. २००७ च्या ऑक्टोबरात ‘रेडिओहेड’ ह्या इंग्रज वादकमंडळाने आपला नवा संग्रह ‘यथाशक्ति द्या’ म्हणून खुला केला. कीर्तनाअखेर फिरणाऱ्या तबकाची ही कल्पना आपणांस नवी नाही, पाश्चात्त्यांस मात्र ती क्रांती वाटली. २००८ साली स्वीडनमध्ये ‘स्पॉटिफाय’ निघाले आणि विक्रीऐवजी वर्गणीची पद्धत आली. गाणे आपले होत नाही. महिन्याची वर्गणी भरावी किंवा जाहिराती सोसाव्या, आणि हवे ते ऐकावे. १९९९ नंतर जगभर घसरत गेलेले ह्या धंद्याचे उत्पन्न २०१५ पासून पुन्हा चढू लागले ते ह्या वर्गणीच्या बळावर.

भारतात हे नाटक निराळ्या अंकांनी रंगले. येथे घरोघर संगणक नव्हते, पण मोबाइल होता. तालुक्याच्या बाजारपेठेत, म्हापशास काय किंवा पेडण्यास काय, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मेमरी कार्ड द्यावे आणि थोडक्या रुपयांत शेकडो गाणी भरून घ्यावी, ही रीत वाचकांपैकी पुष्कळांस परिचित असेल. भजने, नाट्यगीते, कोंकणी कांतारे सर्व एकाच कार्डावर. तियात्रांच्या कॅसेटी व नंतरच्या सीडी ह्यांवर ज्या कोंकणी कलावंतांचे वर्ष निघत असे त्यांस ह्याचा फटका फार बसला. हिंदी चित्रपटाच्या कंपनीस हजार वाटा असतात. आपल्याच खर्चाने सीडी काढून जत्रेत व फेस्तात विकणाऱ्या तियात्रिस्तास एकच होती. फुकट देवघेवीचे कौतुक करणाऱ्यांनी हेही पाहावे. कंपन्यांस काही काळ ‘कॉलर ट्यून’ने तारले; ज्या देशात पंधरा रुपयांची कॅसेट जड होई, त्या देशात फोन करणाऱ्यास गाणे ऐकविण्यासाठी लोक दरमहा पैसे भरू लागले, ही मनुष्यस्वभावाची गंमत होय.

दावेही झाले. २०१२ साली संघटनेच्या अर्जावरून कलकत्ता उच्च न्यायालयाने १०४ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम इंटरनेट पुरविणाऱ्यांस दिला. अज्ञात नकलाकारांविरुद्ध आगाऊ मनाईहुकूम घेण्याची प्रथा पडली. इंग्रजी कायद्यात अशा अनामिकास ‘जॉन डो’ म्हणतात, आपल्याकडे त्याचे नामकरण ‘अशोक कुमार’ असे झाले! गुलशन कुमारांच्या पश्चात त्यांच्याच कंपनीने ‘मायस्पेस’वर दिल्लीस दावा लावला. २०११ च्या जुलैत एक न्यायमूर्तींनी तो मान्य केला. २०१६ च्या डिसेंबरात खंडपीठाने फिरविला आणि सांगितले की कोणते गाणे, ते नेमके दाखवून द्या, मग ते उतरविण्याची जबाबदारी संकेतस्थळाची. दुसऱ्याच्या गाण्यावर वाढलेली कंपनी आपल्या गाण्याचा पहारेकरी झाली, ह्यात आम्ही दोष दाखवीत नाही. धन आले की कुलूप येतेच. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत ‘फ्लाइट’ नावाने गाणी सुटी विकून पाहिली. दुकान दीड वर्षही चालले नाही, २०१३ च्या जूनमध्ये बंद झाले.

खरे वळण दुसरीकडून आले. २०११ च्या नोव्हेंबरात एका तमिळ चित्रपटाचे ‘कोलावेरी’ हे गाणे वेळेआधीच फुटले. कंपनीने रडत बसण्याऐवजी स्वतःच त्याचे चित्रण ‘यूट्यूब’वर फुकट चढविले, आणि ते देशभर गाजले. त्याच वर्षी टी-सीरीजने यूट्यूबवरचा आपला जुना दावा तडजोडीने मिटविला होता. पुढे काय झाले ते जगजाहीर आहे. २०१९ च्या मे महिन्यात त्या कंपनीच्या वाहिनीचे वर्गणीदार दहा कोटींवर गेले. जगात असा आकडा प्रथम तिनेच गाठला. २०११ च्या मे महिन्यात तिने चढविलेली हरिहरन ह्यांच्या आवाजातील हनुमान चालिसा २०२३ पर्यंत तीनशे कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. तुलसीदासांच्या नावावर शतकानुशतके चाललेली रचना सर्वांची. तिचे हे मुद्रण मात्र एका कंपनीचे. ह्या वाक्यातच सारी मेख आहे. २०१६ च्या सप्टेंबरात ‘जिओ’ने इंटरनेट स्वस्त केल्यावर मेमरी कार्डाची दुकाने आपोआप ओस पडली, जे छाप्यांनी साधले नाही ते स्वस्ताईने साधले. ‘एचएमव्ही’चा वारसा चालविणाऱ्या ‘सारेगामा’ने २०१७ साली पाच हजार जुनी गाणी आत भरलेली ‘कारवाँ’ नावाची पेटी काढली. फुकट मिळणारी तीच गाणी वृद्धांनी व त्यांच्या मुलांनी हजारो रुपये मोजून घेतली, कारण पेटीला कळ फिरविण्यापलीकडे काही शिकावे लागत नव्हते. वर्गणीचे मात्र येथे अजून नीट रुजलेले नाही. ‘गाना’ने २०२२ साली फुकटची सोय काढली, ‘रेसो’ व ‘विंक’ २०२४ साली मिटले.

आता पुन्हा धन्याचा प्रश्न. २०१२ साली संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि जावेद अख्तर ह्यांनी राज्यसभेत केलेल्या खटपटीस यश येऊन कवी व संगीतकार ह्यांचा मानधनाचा हक्क करारानेही काढून घेता येणार नाही असे ठरले. १९७७ च्या निकालास पस्तीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते. जुन्या कॅसेटयुगास पोसणारी फेरमुद्रणाची मुभाही त्याच वेळी अधिक आवळली गेली. फुकट देवघेवीविरुद्ध कंपन्या ‘कलावंतांचे पोट’ ह्या नावाने लढत होत्या; परंतु कलावंतांस हे मिळाले ते कंपन्यांच्या लढ्यामुळे नव्हे, बव्हंशी त्यांच्या विरोधास तोंड देऊन. आमच्या मते ह्या सबंध इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे.

घरातून वसुली होत नाही हे ठरल्यावर जेथे चारचौघांत गाणे वाजते ती जागा उरली. १९४१ पासूनची ‘फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड’ ही संस्था कंपन्यांच्या वतीने हॉटेले, क्लब, समारंभ ह्यांकडून परवान्याचे पैसे घेते, आणि नाताळ-नववर्षाचा हंगाम आला की गोव्याच्या किनाऱ्यावरील मालकांविरुद्ध मनाईहुकुमांचे अर्ज पडतात. ह्यातून मांडवाचा प्रश्न निघाला. खऱ्याखुऱ्या धर्मविधीत गाणे गाणे वा मुद्रण वाजविणे हा हक्कभंग नव्हे, आणि धर्मविधीत लग्नाची वरात व लग्नासंबंधीचे इतर सामाजिक सोहळेही येतात, असे १९९४ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. त्याचा आधार घेऊन ३० जानेवारी २०२४ रोजी गोवा सरकारने परिपत्रक काढले की अशा प्रसंगी कोणी शुल्क मागू नये, आणि मागितल्यास कारवाई होईल. कंपन्यांच्या बाजूने त्यास आव्हान दिले गेले. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरविले. शासनाने आपल्या अधिकारात कायद्याचा अर्थ वाढविणे व हक्कदाराचा न्यायालयाचा मार्ग अडविणे योग्य नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. काही देवस्थानांत ह्या निकालाची बातमी ऐकून घबराट झाल्याचे आम्ही ऐकले. ती अस्थानी होती. परिपत्रक गेले, कलम जागेवरच आहे. पालखीपुढचे भजन, आरती, सप्ताह ह्यांस त्याने यत्किंचित बाध येत नाही. पंचतारांकित हॉटेलातील लग्नाच्या आदल्या रात्रीचा ‘डीजे’ धर्मविधीत मोडतो की नाही, हा वाद मात्र प्रसंगानुरूप न्यायालयातच सुटावयाचा. आणि खरे सांगावयाचे तर तो मोडू नये असेच आमचे मन म्हणते.

देवळांना खरी अडचण येते ती न्यायालयातून नव्हे, यंत्रातून. २००७ पासून यूट्यूबने आवाज ओळखणारे यंत्र बसविले आहे. कंपनी आपले मुद्रण त्यास देऊन ठेवते, आणि पुढे कोणी तत्सम काही चढविले की यंत्र आपोआप हक्क सांगते. मग चित्रण बंद होते किंवा त्यावरील जाहिरातींचे उत्पन्न कंपनीकडे वळते. उत्सवाच्या चित्रणात पार्श्वभूमीस बाजारातील आरती वाजत असेल तर ह्यास काही उत्तर नाही. तो सूर कंपनीचाच आहे. परंतु गावच्या भजनी मंडळीने स्वतः गाईलेला तुकोबांचा अभंग परंपरागत चालीवर असूनही, त्याच चालीच्या एखाद्या प्रसिद्ध मुद्रणाशी यंत्र त्याची सांगड घालते, असेही कित्येकदा घडते. तेथे हरकत घेण्याची सोय आहे, आणि देवस्थानच्या समित्यांनी ती घ्यावी; गप्प राहणे म्हणजे चारशे वर्षांच्या अभंगावर परक्याची मालकी कबूल करणे होय. त्यासाठी आपल्या दप्तरी काही असावे लागते: कोणत्या उत्सवात, कोणत्या मंडळीने, कोणी गाईले, पेटीवर कोण, पखवाजावर कोण. कला अकादमीच्या भजनी स्पर्धांमुळे आमच्या मंडळ्यांस वेळ मोजण्याची सवय लागली आहे. नावे लिहून ठेवण्याची अद्याप नाही. गाणाऱ्याची संमतीही घ्यावी. पूर्वी देवस्थान कलावंतास जमिनीचे उत्पन्न देई; आज त्याचे नावही न देता त्याचे गाणे जगभर दाखविणे, हा व्यवहार कंपन्यांहून चांगला आहे असे म्हणता येणार नाही.

ह्या इतिहासाची एक बाजू कंपन्यांच्या कैफियतीत कधी येत नाही. मालपेंचे नाव आडनावात मिरविणाऱ्या अंजनीबाई मालपेकर, ज्यांस १९५८ साली संगीत नाटक अकादमीने आपले सन्माननीय सदस्यत्व दिले; केसरबाई; कुर्डीच्या मोगूबाई; मंगेशीचे दीनानाथ. ह्या मंडळींचे गाणे आज तरुणांच्या कानी पडते ते बहुतांशी कोणाच्या कृपेने? तबकड्या बाजारातून नाहीशा झाल्यावर त्या परत काढण्यात कंपन्यांस नफा दिसला नाही. खासगी संग्राहकांनी जुन्या बाजारातून त्या वेचल्या, खासगी मैफलींच्या टेपा जपल्या, आणि इंटरनेट येताच काही मोबदला न घेता एकमेकांस दिल्या. ज्या केसरबाईंनी आपले गाणे इतके राखले त्यांच्या बैठकी आज घरबसल्या ऐकू येतात त्या ह्याच ‘चोरट्या’ देवघेवीमुळे. बाईंच्या इच्छेविरुद्ध झाले, हे खरे. आणि झाले नसते तर अंतराळातल्या त्या तबकडीखेरीज व मोजक्या मुद्रिकांखेरीज फारसे काही उरले नसते, हेही तितकेच खरे. ह्या दोहोंतील एक सत्य निवडावे असे कोणी म्हणेल. आम्हांस ते साधत नाही.

कायद्याने मात्र एक गाठ सोडवून ठेविली आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, मग संपतो. १९६० पर्यंत बाहेर पडलेली सर्व मुद्रणे आज ह्या हक्कातून मोकळी आहेत. दीनानाथ १९४२ सालीच निवर्तले. त्यांच्या हयातीत निघालेली प्रत्येक तबकडी त्यात आली. केसरबाईंच्या जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या मुद्रिकाही आल्या. त्या कोणीही उतरवाव्या, कोणासही द्याव्या, देवळाच्या चौकात लावाव्या. त्या मुद्रणाबद्दल कोणी हटकणार नाही. पेडणे आणि डिचोलीच्या जुन्या घरांतून, माळ्यावरच्या पेट्यांत, लाखेच्या तबकड्या अजून निघतात. त्या ठिसूळ असतात, एकावर एक आडव्या रचल्या तर आपल्याच भाराने तडकतात. उभ्या ठेवाव्या, ओलीपासून दूर, आणि ज्याच्यापाशी हलकी सुई व चांगले यंत्र आहे अशाकडूनच त्या उतरवून घ्याव्या, कारण जुन्या पोलादी सुईची प्रत्येक फेरी त्यांवरचा थोडा आवाज खरवडून नेते.